करड्या घोड्यांचं घर

सप्टेंबर २०२२मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या सरकारनं एक घोषणा केली. ॲडलेड शहराच्या पश्चिम कडेला, पोर्ट रोडवर, थेबर्टनच्या पोलीस बराकी होत्या. त्या पाडायच्या आणि तिथे बायकामुलांसाठी नवं सरकारी रुग्णालय बांधायचं, असं ठरलं होतं. बराकी १९१७ सालच्या. त्यांतल्या दहा इमारती राज्याच्या वारसायादीत होत्या. आतमध्ये तबेले होते, घोड्यांना चाल शिकवण्याची जागा होती, खोगिरांच्या खोल्या होत्या आणि पोलीस इतिहास मंडळाचं छोटं संग्रहालयही होतं. ही नुसती बंद पडलेली जुनी वास्तू नव्हती. शंभर वर्षं उलटून गेल्यावरही रोज सकाळी तिथून पोलिसांचे करडे घोडे शहरात निघत. ॲडलेडकर त्यांना ‘पोलीस ग्रेज’ म्हणतात.

एका बाजूला आजारी मुलं आणि बाळंतिणी, दुसऱ्या बाजूला घोडे आणि जुन्या भिंती. सरकारनं मांडणी अशी केल्यावर कोण काय बोलणार? तरीही लोक बोलले. राज्याच्या वारसा परिषदेनं विरोध नोंदवला, नॅशनल ट्रस्टनं आवाज उठवला. जुनं रुग्णालय अपुरं पडतंय, हे कुणीच नाकारत नव्हतं. प्रश्न जागेचा होता. आधीच्या सरकारनं नव्या रॉयल ॲडलेड रुग्णालयाला लागून, रेल्वेच्या जुन्या आवारात जागा ठरवली होती. ती पुढच्या वाढीला पुरणार नाही, असं नव्या सरकारचं म्हणणं पडलं. प्रीमियर पीटर मॅलिनॉस्कस मागे हटले नाहीत. वर्ष संपायच्या आत त्या रुग्णालयासाठी खास कायदा विधिमंडळात मंजूर झाला आणि बराकींवरचं वारशाचं संरक्षण गेलं. पुढे बराकी पाडल्या.

मला या घटनेनं बरेच दिवस सोडलं नाही. पाडकाम हे त्याचं कारण नव्हे. पाडकाम आपल्याला नवं नाही. कारण असं, की पोलिसांच्या पागा हा वसाहतींच्या काळातला फार बोलका वारसा आहे आणि त्याचं करायचं काय, याचं उत्तर जगात कुणालाच धड सापडलेलं नाही. ॲडलेडला नाही, कोलकात्याला नाही आणि मुंबईला तर नाहीच नाही.

मुळापासून सांगायचं तर दक्षिण ऑस्ट्रेलिया ही कैद्यांची वसाहत नव्हती. डिसेंबर १८३६मध्ये तिची स्थापना झाली ती स्वखुशीनं आलेल्या लोकांची वसाहत म्हणून. इथे पोलिसांची गरजच काय, असा सुरुवातीचा सूर होता. दीड वर्षातच तो उतरला. शेजारच्या वसाहतींतून पळालेले कैदी येऊ लागले, दारूचे अड्डे वाढले आणि मार्च १८३८मध्ये खुद्द शेरीफ सॅम्युएल स्मार्ट यांच्यावर गोळी झाडली गेली. पुढच्याच महिन्यात, २८ एप्रिल १८३८ रोजी, हेन्री इन्मन यांच्या हाताखाली पोलीस दल उभं राहिलं. दहा घोडेस्वार आणि दहा पायी शिपाई. एवढ्या अफाट प्रदेशाला वीस माणसं आणि त्यातली निम्मी घोड्यावर. पुढची पाऊणशे वर्षं त्या भूमीवर सरकारची सत्ता पोहोचली ती घोड्यांच्या पायांनीच.

पहिली नीट बांधलेली पागा त्यानंतरची. शहराच्या मध्यभागी, आजच्या साउथ ऑस्ट्रेलियन म्युझियमच्या मागे, किंटोर ॲव्हेन्यूच्या बाजूला घोडदळ पोलिसांच्या बराकी आणि शेजारी शस्त्रागार १८५५च्या सुमारास उभं राहिलं. शस्त्रागार, बराक आणि कमान आजही तिथे आहेत, राज्याच्या वारसायादीत आहेत आणि आता त्यांच्याकडे संग्रहालयाचं आवार म्हणून पाहिलं जातं. संग्रहालय बघून कॉफी प्यायला बाहेर पडणाऱ्याला समोरची दगडी कमान सुंदर दिसते. तिच्यातून कोण जात होतं आणि कशासाठी, हे त्याला कळायला मात्र कुणी तरी सांगावं लागतं.

सांगण्यासारखं भरपूर आहे. १८५१मध्ये शेजारच्या व्हिक्टोरियात सोनं सापडलं आणि ॲडलेडचे पुरुष काम टाकून तिकडे धावले. दुकानं ओस पडली, बँकांतली नाणी संपत आली. जानेवारी १८५२मध्ये इथल्या विधिमंडळानं सराफी सोन्याचा कायदा केला आणि सोन्याला औंसाला ७१ शिलिंग असा बांधील भाव दिला. खाणीवर मिळणाऱ्या भावापेक्षा हा चांगला होता. आता ते सोनं आणायचं कसं? अलेक्झांडर टॉल्मर नावाचा पोलीस अधिकारी पुढे झाला. माउंट अलेक्झांडरच्या खाणींपासून ॲडलेडपर्यंत, पाण्याची टंचाई असलेल्या रखरखीत मुलखातून, घोडागाडी आणि सशस्त्र स्वार घेऊन तो मार्च १८५२मध्ये सोनं घेऊन परतला. लोकांनी त्याचं जंगी स्वागत केलं. १८५३च्या अखेरपर्यंत अशा अठरा खेपा झाल्या आणि सव्वातीन लाख औंसांहून अधिक सोनं ॲडलेडला पोहोचलं. म्हणजे दहा टनांच्या आसपास. बुडायला आलेली वसाहत तरली, यात त्या घोड्यांचा वाटा कुठल्याही अर्थमंत्र्याइतकाच मोठा आहे.

ही गोष्ट ॲडलेड अभिमानानं सांगतं. दुसरी गोष्ट हळू आवाजात सांगितली जाते आणि ती सांगितल्याशिवाय त्या पागेचा इतिहास पुरा होत नाही.

१८४०च्या हिवाळ्यात ‘मारिया’ नावाचं जहाज दक्षिणेच्या किनाऱ्यावर फुटलं. वाचलेल्या प्रवाशांना कूरोंगच्या भागात स्थानिक आदिवासींनी मारलं. गव्हर्नरनं पोलीस आयुक्त मेजर थॉमस ओहॅलोरन यांना स्वारांची तुकडी देऊन पाठवलं. हा ओहॅलोरन बंगालमधल्या बहरामपूरला जन्मलेला, ईस्ट इंडिया कंपनीच्या सेनाधिकाऱ्याचा मुलगा. नेपाळच्या युद्धात लढलेला. हिंदुस्थानात मुरलेला सैनिकी हिशेब त्यानं तिथे नेला. ना न्यायालय, ना खटला. दोन माणसांना तिथल्या तिथे फाशी दिली आणि बाकीच्यांना धडा म्हणून ते बघायला लावलं. पुढच्या वर्षी, २७ ऑगस्ट १८४१ रोजी, गुरांचे कळप घेऊन येणाऱ्या गोऱ्यांच्या संरक्षणासाठी गेलेल्या पोलीस तुकडीची रूफस नदीकाठी मराउरा लोकांशी गाठ पडली. सरकारी आकडा मानला तरी किमान तीस आदिवासी तिथे मेले. तुकडीबरोबर मॅथ्यू मूरहाउस होता. त्याचं सरकारी पद होतं आदिवासींचा संरक्षक.

पुढे १८६३ ते १९११ उत्तरेचा प्रदेशही दक्षिण ऑस्ट्रेलियाच्याच ताब्यात होता. ॲडलेडच्या याच दलातला घोडेस्वार शिपाई विल्यम विलशायर हा ॲलिस स्प्रिंग्जकडे आदिवासी तुकडीचा प्रमुख होता. १८९१मध्ये त्याच्यावर आदिवासींच्या खुनाचा खटला झाला. गोऱ्या पोलिसावर असा खटला होणं त्या काळी फार दुर्मीळ. तो सुटला.

म्हणून पागा जपायची म्हटलं की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो भिंतीचा नाही, भिंतीवर लावायच्या पाटीचा. ज्या कौर्ना लोकांच्या जमिनीवर ॲडलेड वसलं, त्यांच्या नातवंडांना त्या कमानीखालून जाताना काय वाटतं, हे त्या पाटीवर यायला हवं. सोन्याच्या खेपा आणि रूफस नदी, दोन्ही एकाच घोड्याच्या पाठीवरून गेलेल्या आहेत. पहिलीच तेवढी लिहिली तर ती जपणूक नव्हे, सजावट झाली.

या इतिहासात आपल्याकडचे धागेही आहेत आणि ते ओढूनताणून आणलेले नाहीत. १८६६मध्ये टॉमस एल्डर यांनी पोर्ट ऑगस्टाला उंट उतरवले. ते कराचीहून आलेले, म्हणजे त्या वेळच्या मुंबई इलाख्यातून. सव्वाशेच्या जवळपास उंट आणि एकतीस उंटवाले. वाळवंटाच्या तोंडाशी घोडा जिथे थांबायचा, तिथून पुढे पोलिसांनाही उंटच लागले. उलट दिशेनं येत ते घोडे. ‘वेलर’ म्हणून ओळखले जाणारे ऑस्ट्रेलियन घोडे १८३०च्या दशकापासून हिंदुस्थानात जहाजानं येत. लष्कर घेई, पोलीस घेत, रेसवाले घेत. जुन्या मराठी लिखाणात वेलर घोडा सहज भेटतो. तो कुठून, किती दिवस समुद्रावर हेलकावे खात आला असेल, याचा विचार आपण क्वचित करतो. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियानं एक लाख छत्तीस हजारांच्या घरात घोडे परदेशी पाठवले. त्यातला एकच मायदेशी परतला. उरलेल्यांपैकी कितीतरी युद्धानंतर हिंदी लष्कराकडे सोपवले गेले. थेबर्टनची पागा उभी राहिली ती नेमकी त्याच काळात, १९१७मध्ये.

वसाहतकाळातली चांगली पागा म्हणजे काय होतं, ते जवळून पाहायला हवं. घोडा तोंडानं श्वास घेऊ शकत नाही. त्याला फक्त नाकपुड्याच असतात. त्यामुळे कोंदट हवा आणि मुताचा उग्र वास माणसापेक्षा त्याला लवकर मारतो. एक घोडा दिवसाला पंधरा-वीस किलोंच्या वर लीद टाकतो, त्यात मुताची भर वेगळी. एका छताखाली तीसचाळीस घोडे म्हणजे रोजचा सहाआठशे किलोंचा कचरा, तोही वर्षाचे बारा महिने. त्यातच शेंबा रोगाची धास्ती. तो एका नाकातून दुसऱ्या नाकात पसरायचा आणि अख्खी पागा रिकामी करायचा. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तबेले बदलले. छपराच्या कण्यापाशी गरम हवा बाहेर जायला सलग झडपा आल्या. खिडक्या उंच गेल्या, म्हणजे उजेड पडेल पण घोड्याच्या डोळ्यांवर येणार नाही. जमिनीला किंचित उतार, विटांवर खाचा आणि खाचांतून वाहत जाणारी उथळ गटार. गव्हाणीच्या कडांना लोखंडी पट्टी, नाहीतर कंटाळलेला घोडा लाकूड कुरतडून काढतो. ठाणांमधले कोपरे गोल, म्हणजे कंबर घासली जाणार नाही. आजारी घोड्याला वेगळी खोली, तीही वाऱ्याच्या खालच्या अंगाला.

यातली प्रत्येक गोष्ट कुणीतरी घोडा मेल्यावर शिकली आहे. तबेल्याच्या बांधणीत शोभेला वाव फार कमी असतो. जो भाग शोभेचा वाटतो तो बहुतेक वेळा हवेचा, पाण्याचा किंवा लाथेचा विचार असतो. अशी इमारत पाडताना नुसत्या विटा जात नाहीत, हे रुग्णालय बांधणाऱ्या वास्तुरचनाकारांना खरं तर सगळ्यात आधी कळायला हवं होतं. रुग्णालयाचा वॉर्डही अखेर हवा, उजेड आणि संसर्ग याच तीन गोष्टींभोवती बांधतात.

करड्या घोड्यांची निगा तर आणखी वेगळी. करडा घोडा जन्मतो तेव्हा बहुधा काळा किंवा तांबूस असतो. वर्षागणिक केस पांढरे होत जातात आणि कातडी मात्र खालून काळीच राहते. रात्री लिदीवर बसलेल्या अशा घोड्याच्या पुठ्ठ्यावर सकाळी पिवळा-हिरवट डाग असतो आणि दहा वाजता त्याला मिरवणुकीत उभं राहायचं असतं. मग कोमट पाणी, ब्रश, आधी ओला मग कोरडा खरारा, शेपटीचे केस बोटांनी सोडवणं. खूर आतून साफ करताना आकडी टाचेकडून पुढच्या टोकाकडे ओढायची, मधल्या मऊ भागाला लागता कामा नये. सहा ते आठ आठवड्यांनी नाल काढायचे, वाढलेला खूर तासायचा, नाल पुन्हा बसवायचे. डांबरी रस्त्यावर चालणाऱ्या घोड्याच्या खुरावर थोडी जरी चूक झाली तर पुढचे दोन महिने तो लंगडतो. ही विद्या पुस्तकात अर्धीच असते. उरलेली अर्धी एका माणसाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाते आणि ती जायला एकच जागा लागते, जिथे घोडे रोज असतात.

थेबर्टनच्या वादात हा मुद्दा मला फारसा कुठे ऐकू आला नाही. घोडे कुठे न्यायचे यावर मात्र बरंच रणकंदन झालं. आधी शहराभोवतीच्या हरितपट्ट्यातल्या मिर्नु विर्रा या उद्यानाचं नाव पुढे आलं. १८३७मध्ये कर्नल विल्यम लाइट यांनी आखलेला हा हरितपट्टा ॲडलेडकरांच्या जिव्हाळ्याचा आहे आणि २००८पासून राष्ट्रीय वारसायादीत आहे. लोक चिडले, ती जागा सोडावी लागली. शेवटी घोड्यांची सोय शहराच्या उत्तरेला गेप्स क्रॉसला झाली. नवे तबेले घोड्यांसाठी कदाचित जुन्यांपेक्षा सोयीचे असतील. त्याबद्दल मला तक्रार नाही. पण पागा शहराच्या हद्दीबाहेर गेली, की घोडा शहरात येतो तो ट्रकमधून. नाक्यावरच्या शाळेतल्या मुलांना सकाळी टापांचा आवाज ऐकू येत नाही. पोलीस आणि नागरिक यांच्यातलं जे नातं त्या आवाजावर थोडंफार उभं होतं, ते संपतं.

रुग्णालय चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या पहिल्या महिला पोलीस केट कॉक्स १९१५मध्ये नेमल्या गेल्या आणि त्यांचं आयुष्य बायकामुलांच्या संरक्षणातच गेलं. बराकींलगतच्या उद्यानाला त्यांचंच नाव आहे. त्यांना विचारलं असतं तर त्यांनी बहुधा रुग्णालयाच्या बाजूनं कौल दिला असता. मला खुपतं ते दुसरंच. वारसा ठरवायला राज्याचा १९९३चा कायदा होता, परिषद होती, नोंदी होत्या. ते सगळं एका खास कायद्यानं बाजूला सारता आलं. यादीत नाव आलं की इमारत सुरक्षित झाली, असं आपण मुंबई-पुण्यातले लोकही मानतो. सरकार स्वतःच बांधकाम करणार असेल तेव्हा ती यादी किती टिकते, हे थेबर्टननं दाखवलं.

कोलकात्यात याच्या उलट चित्र आहे. तिथल्या पोलिसांचं घोडदळ १८४०पासूनचं. शहराच्या ऐन मध्यावर, सुरेंद्रनाथ बॅनर्जी रोडवर, त्यांची पागा आहे. मैदानावर मोहन बागान किंवा ईस्ट बंगालचा सामना असला की गर्दी आवरायला हेच घोडे लागतात. काठीनं जी गर्दी हलत नाही ती घोड्याच्या छातीपुढे हलते. या पागेला तगवलंय ते या रोजच्या कामानं. जोवर मैदानावर फुटबॉल आहे आणि फुटबॉलला गर्दी आहे, तोवर तिथला खरारा थांबणार नाही. तिथलं मोक्याचं आवार कुणाच्या तरी डोळ्यांत भरण्याआधी तिच्या इमारतींची नीट मोजणी आणि नोंद झाली पाहिजे.

आणि मुंबई. मुंबई पोलिसांचं घोडदळ १९३२मध्ये मोडीत निघालं. मोटारी वाढल्या होत्या. घोडे गेले, त्यांच्याबरोबर मोतद्दार आणि नालबंदही गेले आणि रिकाम्या पागांची जागा शहरानं गिळली. पुढे अठ्ठ्याऐंशी वर्षांनी, जानेवारी २०२०मध्ये, राज्य सरकारनं हे पथक पुन्हा उभं केलं. प्रजासत्ताक दिनाला शिवाजी पार्कच्या संचलनात ते दिसलं, पागेसाठी मरोळच्या पोलीस वसाहतीत जागा ठरली. ज्यांनी हे केलं त्यांचा हेतू मला चांगला वाटतो. मोर्चा, समुद्रकिनारा, मोठी मिरवणूक अशा ठिकाणी उंचावरून पाहणारा एक स्वार जमिनीवरच्या कितीतरी शिपायांचं काम करतो. पण अठ्ठ्याऐंशी वर्षांचा खंड पडलेली परंपरा घोडे विकत घेऊन जोडली जात नाही. १९३२च्या पागेत जे माहीत होतं ते सांगायला २०२०मध्ये कुणी उरलं नव्हतं. सगळं बाहेरून, नव्यानं शिकावं लागलं. कोलकाता आणि मुंबई यांच्यातला फरक एवढाच आहे, पण तो फार मोठा आहे.

घोड्यांच्या जागेवरून मुंबईत आता नवा पेच महालक्ष्मीला आहे. रेसकोर्सच्या २११ एकरांपैकी १२० एकर सार्वजनिक उद्यानासाठी घ्यायचे आणि ९१ एकर रेसकोर्स चालवणाऱ्या क्लबकडे ठेवायचे, असं २०२४मध्ये ठरलं. उद्यान मुंबईला हवंच आहे. मात्र तिथले तबेले हे शहरात उरलेल्या घोडाविद्येच्या मोजक्या ठिकाणांपैकी आहेत आणि त्यांची नवी रचना करताना तिथे काम करणाऱ्या माणसांना विचारलं जावं, फक्त नकाशा काढणाऱ्यांना नव्हे.

वसाहतकाळातल्या घोड्याचं काय करायचं, याचं एक उत्तर मुंबईनं मात्र देऊन ठेवलंय. सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा १९६५मध्ये हलवला गेला आणि राणीच्या बागेत नेला. चौकाला तरी लोक काळा घोडाच म्हणत राहिले. २०१७मध्ये तिथे नवा घोडा उभा राहिला, स्वाराशिवाय. राजा गेला, जनावर राहिलं. पोलिसांच्या पागेकडेही असंच पाहता येईल. सत्तेचा तोरा सोडून द्यावा, तिनं कुणावर टाप उचलली ते स्पष्ट लिहावं आणि घोडा, घोड्याला सांभाळणारे हात आणि त्यांच्यासाठी शहाणपणानं बांधलेलं छप्पर जपावं.

महाराष्ट्रात हे काम सुरू करायला फार पैसा लागत नाही. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या जुन्या पोलीस मुख्यालयांत ब्रिटिश अमदानीतल्या पागा कुठे गोदाम, कुठे हवालदारांची घरं, कुठे वाहनांची शेड होऊन उभ्या असतील. उंच झडपा, खाचांच्या विटा आणि भिंतीतली लोखंडी कडी ही त्यांची खूण. पुढचं बांधकाम निघण्याआधी सार्वजनिक बांधकाम खात्यानं त्यांची मोजमापं घ्यावीत आणि फोटो काढावेत. मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्याची दप्तरं एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात आहेत. पागांचे मूळ नकाशे आणि घोडेखरेदीचे हिशेब शोधायचे तर तिथून सुरुवात करावी. वास्तुरचना शिकवणाऱ्या महाविद्यालयांनी एका वर्षाच्या विद्यार्थ्यांना हे काम दिलं तरी निम्मं राज्य पालथं घालून होईल. सोबत लष्कराच्या आणि रेसकोर्सच्या तबेल्यांतल्या जुन्या नालबंदांच्या मुलाखती घ्याव्यात, कॅमेरा त्यांच्या तोंडावर न ठेवता हातांवर ठेवून. हे लोक साठी-सत्तरीत आहेत, म्हणून आधी मुलाखती आणि मग भिंती.